मक्याच्या मुळाशी राबणारे जिवाणू

सोयाबीन फुलोऱ्यावर आलं की त्याचं एक झाड मातीसकट अलगद उपटून पाहा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी लोंबताना दिसतील. त्यातली एक नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग निघाला, तर समजायचं, गाठ कामावर आहे. आत बसलेले रायझोबियम जातीचे जिवाणू हवेतलं नत्र ओढून झाडाला पुरवताहेत. आतून हिरवट किंवा मातकट निघाली, तर ती गाठ झोपलेली आहे.

आता धुरा ओलांडा आणि शेजारच्या वावरातलं मक्याचं ताट उपटा. मुळं भरपूर, पण गाठ एकही नाही. बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे जाताना अमडापूरच्या पुढे उंद्री लागतं. काही जण या गावाला उदयनगर म्हणतात. या पट्ट्यात सोयाबीन आणि मका ही दोन्ही पिकं शेजारी शेजारी उभी दिसतात. दोघांच्या पानांवरून वाहणारी हवा एकच आहे आणि तिच्यात ७८ टक्के नत्र आहे. तरीही सोयाबीनला युरियाची फारशी गरज पडत नाही आणि मक्याचं मात्र पोत्यावाचून पान हलत नाही. हा फरक कशामुळे, आणि जिवाणूंच्या मदतीने तो थोडा तरी कमी करता येईल का, हे मला या लेखात उलगडायचं आहे. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या जिवाणू कल्चरबद्दल, म्हणजे पाकिटातल्या जिवाणू खताबद्दल, आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. काही म्हणतात, त्याने युरिया बंद होतो. काही म्हणतात, ती नुसती कोळशाची पूड आहे. दोन्ही मतं चुकीची आहेत. खरं काय ते कळण्यासाठी आधी मक्याची भूक समजून घेऊ.

महाराष्ट्रात संकरित मक्यासाठी साधारण शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. एकराच्या हिशेबात नत्र ४८ किलो होतं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असतं. सगळं नत्र युरियातूनच द्यायचं ठरवलं तर एकरी जवळजवळ २.३ पोती लागतात. डीएपी किंवा मिश्रखत वापरलं तर त्यातलं नत्र या हिशेबातून वजा होतं. ते वजा करायचं राहून जातं आणि युरिया उगाच जास्त पडतो, असं अनेकदा घडतं.

एवढं नत्र टाकूनही ते सगळं मक्याच्या पोटात जात नाही. टाकलेल्या युरियातलं निम्म्याहून कमी नत्र पिकाला मिळतं. बाकीचं तीन वाटांनी जातं. आपली काळी रानं बहुतेक विम्लधर्मी आहेत. अशा जमिनीवर युरिया उघडा पडला की त्याचा अमोनिया होतो आणि तो हवेत उडून जातो. मोठ्या पावसात नत्र नायट्रेटच्या रूपात खाली झिरपतं आणि पुढे विहिरीच्या पाण्यात उतरतं. आणि रानात पाणी साचलं की जमिनीतलेच दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचा वायू करून तो परत आकाशात सोडतात. त्यातला नायट्रस ऑक्साइड हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे. मक्याला नत्राची सर्वांत मोठी गरज असते ती पीक गुडघ्याएवढं झाल्यापासून तुरा निघेपर्यंत. नेमक्या त्याच दिवसांत काळ्या रानात पाय ठेवायला वाफसा मिळत नाही. मग जेव्हा उघडीप मिळते तेव्हा एकदम युरिया फेकला जातो. खत वाया जाण्याचं एक मोठं कारण हे आहे आणि त्यात शेतकऱ्याचा दोष थोडा आहे.

पोत्यातला युरिया येतो कुठून? आपल्या राज्यात अलिबागजवळच्या थळ इथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा युरिया कारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतात, हवेतल्या नत्राशी त्याचा संयोग करून अमोनिया बनवतात आणि अमोनियाचा युरिया करतात. या पद्धतीचा पाया जर्मनीत घातला गेला. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया बनवून दाखवला आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओप्पाऊ इथे त्याचा कारखाना उभा केला. हवेतल्या नत्राच्या रेणूत दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. ते वेगळे करायला कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या शे-दोनशे पट दाब लागतो. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी एक ते दोन टक्के ऊर्जा एकट्या या कामावर खर्च होते. भारतात वर्षाला साडेतीन कोटी टनांहून अधिक युरिया वापरला जातो आणि त्यासाठी लागणारा वायू मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणावा लागतो. आपल्याला पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, कारण खऱ्या किमतीचा मोठा हिस्सा सरकार भरतं.

जे काम थळच्या कारखान्यात एवढ्या उष्णतेत आणि दाबात होतं, तेच काम जिवाणू उंद्रीच्या मातीत, साध्या तापमानाला करतो. त्याच्याकडे नायट्रोजनेज नावाचं एक विकर आहे. त्यात लोह असतं आणि मॉलिब्डेनमही असतं. हे विकर नत्राचा तिहेरी बंध सोडवतं. मात्र त्याच्या दोन अडचणी आहेत आणि मक्याची सगळी गोष्ट या दोन अडचणींत सामावली आहे.

पहिली अडचण ऊर्जेची. नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणूला पेशीतली ऊर्जा वाहणारे १६ रेणू मोजावे लागतात. ही ऊर्जा साखरेतून येते. दुसरी अडचण प्राणवायूची. नायट्रोजनेजला प्राणवायू लागला की ते नासतं. म्हणजे जिवाणूला साखर जाळायला प्राणवायू हवा आणि तोच प्राणवायू विकरापर्यंत पोहोचायलाही नको.

सोयाबीनने या दोन्ही अडचणी सोडवून ठेवल्या आहेत. गाठीत जिवाणूला घर मिळतं, पानांत तयार झालेली साखर थेट घरपोच येते, आणि प्राणवायू मोजून देण्यासाठी गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं द्रव्य असतं. नखाने फोडल्यावर दिसणारा गुलाबी रंग त्याचाच. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते जवळचं नातेवाईक आहे. कडधान्यांच्या गाठींमुळे हवेतलं नत्र झाडाला मिळतं, हे हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये जगापुढे मांडलं. आपल्या शेतकऱ्याला त्यामागचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण तुरीच्या किंवा मुगाच्या बिवडावर ज्वारी चांगली येते हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणून होता.

मका मात्र जिवाणूला घर देत नाही. तो गवतकुळातला. त्याच्या मुळांतून थोडी साखर आणि आम्लं मातीत पाझरतात आणि त्या पाझरावर असंख्य जिवाणू जगतात. त्यातले काही नत्र बांधणारे असतात. सोयाबीनमधला जिवाणू जर घरातला सालदार असेल, तर मक्याच्या मुळाशी असलेला जिवाणू रोजंदारीवरचा मजूर आहे. मिळेल ते खाईल, जमेल तेवढं काम करेल आणि तयार केलेलं नत्र आधी स्वतःच्या पोटात ठेवेल. तो मेल्यावर किंवा त्याच्यातून पाझरल्यावर ते पिकाला मिळेल.

आपल्याकडे मक्याला शिफारस होते ती प्रामुख्याने ॲझोटोबॅक्टर या जिवाणूची. बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं. हा मातीत मोकळा राहतो. आम्लधर्मी माती त्याला सोसत नाही, उदासीन ते किंचित विम्लधर्मी जमीन मानवते. त्यामुळे विदर्भातल्या काळ्या रानाशी त्याचं जमतं. माती कोरडी पडली की तो स्वतःभोवती जाड कवच करून झोपून जातो आणि ओल आली की जागा होतो. कोरडवाहू भागाला हा गुण मोलाचा आहे. प्राणवायूच्या अडचणीवर त्याचा तोडगा मात्र खर्चिक आहे. तो इतक्या वेगाने साखर जाळतो की आत आलेला प्राणवायू विकरापर्यंत पोहोचायच्या आत संपून जातो. ज्ञात सजीवांत श्वसनाचा इतका वेग फार थोड्यांचा आहे.

इथे एक हिशेब मांडून पाहू. सरकारच्या खत नियंत्रण आदेशात ॲझोटोबॅक्टर कल्चरसाठी एक कसोटी घातली आहे. एक ग्रॅम साखर खाऊन त्याने कमीत कमी १० मिलिग्रॅम नत्र बांधलं पाहिजे. म्हणजे १०० ग्रॅम साखरेमागे १ ग्रॅम नत्र. आपल्या शेती पुस्तिकांत ॲझोटोबॅक्टर हेक्टरी १५ ते २० किलो नत्र देतो असं लिहिलेलं असतं. किमान कसोटीच्या दराने २० किलो नत्रासाठी त्याला २,००० किलो साखर लागेल. दोन टन! चांगला वाण याहून काटकसरी असू शकतो, तरीही आकडा लहान होत नाही. आता ज्या रानात शेणखत वर्षानुवर्षं पडलेलं नाही, जिथे कुटार विकलं जातं आणि काडीकचरा पेटवला जातो, तिथे हा जिवाणू खाणार काय? विदर्भातल्या कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब अनेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आहे. अशा उपाशी रानात पाकीट सोडायचं आणि फायदा दिसला नाही की कल्चर खोटं म्हणायचं, हा त्या जिवाणूवर अन्याय आहे.

मग कल्चरमुळे मक्याचं एक चतुर्थांश नत्र वाचतं असं जे सांगितलं जातं, ते कशाच्या जोरावर? याचं उत्तर ब्राझीलमधून चांगलं मिळतं. तिथे योहाना डोबेराइनर या शास्त्रज्ञ बाईंनी गवताच्या आणि मक्याच्या मुळांशी राहणाऱ्या नत्रजिवाणूंचा आयुष्यभर अभ्यास केला. मळसूत्रासारख्या वळलेल्या एका जिवाणूला १९७८ मध्ये ॲझोस्पिरिलम हे नाव मिळालं, त्या कामात त्या होत्या. ऊसवाल्यांना परिचित असलेला ॲसेटोबॅक्टर हाही त्यांच्याच गटाने १९८८ मध्ये उसातून शोधलेला. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने तो आपल्या उसाच्या फडापर्यंत आणला. डोबेराइनर यांच्यानंतर मारियांजेला हुंग्रिया यांनी ॲझोस्पिरिलमचे दोन खास वाण मक्यासाठी आणि गव्हासाठी निवडले. त्यांना एबी-व्ही-५ आणि एबी-व्ही-६ अशी नावं आहेत. हे वाण वापरले तर मक्याच्या वरखतातलं नत्र २५ टक्क्यांनी कमी करूनही उत्पादन टिकतं, असं त्यांच्या चाचण्यांतून दिसलं. ब्राझीलचं सोयाबीन जवळजवळ युरियाशिवाय पिकतं, त्यामागेही जिवाणूंचंच काम आहे. २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार हुंग्रिया यांना मिळाला.

ॲझोस्पिरिलम मक्याला मदत करतो ती केवळ हवेतलं नत्र देऊन नव्हे. तो मुळाला चिकटून ऑक्झिन नावाचं वाढद्रव्य सोडतो. त्यामुळे मुळांना फाटे फुटतात, केसमुळं वाढतात, मूळ जास्त माती कवेत घेतं. ॲझोटोबॅक्टरही अशी वाढद्रव्यं सोडतो. युरियाचं निम्म्याहून जास्त नत्र वाया जातं हे आपण वर पाहिलं. मुळं वाढली की त्या वाया जाणाऱ्या वाट्यातलं थोडं नत्र पीक पकडतं. आणि ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला तर तीच मुळं ओल शोधतात. म्हणून कल्चरला नत्राचा कारखाना समजण्यापेक्षा मुळांचा हितचिंतक समजणं जास्त खरं आहे. २५ टक्के वाचलेल्या नत्रात हवेतून आलेलं थोडं आणि वाया जाताना पकडलेलं बरंच, असे दोन्ही वाटे असतात.

मका स्वतः जिवाणूला पोसू शकतो का, याचं एक नवल मेक्सिकोत सापडलं. ओआहाका राज्यातल्या सिएरा मिहे डोंगरात एक गावरान मका आहे. पाच मीटरपर्यंत उंच, आणि बुडापासून वर अनेक पेरांना हवेत लोंबणारी लाल मुळं. पाऊस पडला की या मुळांतून डिंकासारखा घट्ट चिकट द्रव गळतो. त्या डिंकात साखर ठासून भरलेली असते आणि आतपर्यंत प्राणवायू फारसा पोहोचत नाही. जिवाणूच्या दोन्ही अडचणी या डिंकाने सोडवल्या! २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मक्याने आपल्या नत्रापैकी २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून घेतल्याचं दिसलं. तिथल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं कणीस निवडून निवडून हा वाण राखला आहे. तो पिकायला आठ महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे तो तसाच उचलून आपल्या खरिपात बसवता येणार नाही. पण त्याचा हा गुण संकरित मक्यात आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. आपल्या मक्यालाही खालच्या एक-दोन पेरांवर आधारमुळं फुटतात. रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी ती निरखून पाहा, टोकाला थोडा चिकट द्रव दिसतो. सवय आहे, फक्त तेवढी नाही.

अमेरिकेतून आलेली बातमी वेगळी आहे आणि तीही सांगायला हवी. तिथे गेल्या काही वर्षांत मक्यासाठी नत्र बांधणारे अनेक जिवाणू बाजारात आले. उत्तर-मध्य राज्यांतल्या विद्यापीठांनी मिळून ६१ चाचण्या घेतल्या. २०२३ मध्ये निकाल जाहीर झाला. त्यांपैकी फक्त दोन ठिकाणी उत्पादन वाढलेलं दिसलं. तिथली जमीन, थंडी, मक्याला मिळणारं नत्र, सारंच वेगळं. तरी यातून एक गोष्ट घ्यावी लागते. जिवाणू हा स्थानिक जीव आहे. ब्राझीलमध्ये चालला म्हणून तो अमेरिकेत चालेल असं नाही आणि अकोल्याला चालला म्हणून उंद्रीच्या प्रत्येक वावरात चालेल असंही नाही. ज्या शेतात पेरायचं त्याच शेतात तो पारखावा लागतो.

पारखायच्या आधी पाकीट बघू. खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतांचा समावेश २००६ मध्ये झाला. पावडरच्या कल्चरमध्ये दर ग्रॅमला कमीत कमी ५ कोटी आणि द्रवरूप कल्चरमध्ये दर मिलिलिटरला कमीत कमी १० कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, असा नियम आहे. ‘जिवंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. युरियाचं पोतं वर्षभर कोठ्यात राहिलं तरी त्यातलं नत्र तेवढंच राहतं. कल्चरचं पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात खिडकीशी ठेवलं तर त्यातले जिवाणू मरतात आणि उरते ती खरोखरच कोळशाची पूड. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून उत्पादनाची तारीख आणि मुदत वाचूनच पाकीट घ्यावं. दुकानदाराने ते कुठे ठेवलं होतं ते विचारावं. शक्य असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून खात्रीचं कल्चर आणावं आणि घरी माठाशेजारी, सावलीत ठेवावं.

बीजप्रक्रिया करायची रीत जुनीच आहे. दर किलो बियाण्याला २५ ग्रॅम पावडर. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करायचं. थंड हा शब्द इथे विनाकारण नाही, गरम पाण्याने जिवाणूंचं नुकसान होतं. त्या पाण्यात कल्चर कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. द्रवरूप कल्चर असेल तर मात्रा बाटलीवर लिहिलेली असते, तीच घ्यावी.

मक्याच्या बाबतीत इथेच एक मोठी अडचण येते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. संकरित मक्याचं बियाणं लाल, हिरव्या रंगात न्हालेलं येतं. त्यावर बुरशीनाशक असतं. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आल्यापासून अनेक कंपन्यांच्या बियाण्यावर कीटकनाशकाचाही लेप असतो. अशा बियाण्यावर कल्चर चोळलं तर जिवाणूंना त्या औषधांच्या थरावरच बसावं लागतं आणि त्यातले कितीतरी पेरणीआधीच दगावतात. घरी औषध लावायचं असेल तर क्रम ठरलेला आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू. पण कंपनीनेच लेप दिलेल्या बियाण्यासाठी माझ्या मते मातीतून कल्चर देणं जास्त शहाणपणाचं. एकरी २ किलो कल्चर चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून एक रात्र सावलीत झाकून ठेवावं आणि पेरणीच्या वेळी ओळीत द्यावं. शेणखतात जिवाणूला खाणं मिळतं आणि औषधाचा थेट स्पर्शही टळतो. कल्चर आणि रासायनिक खत एकाच टोपल्यात कधीही कालवू नये. खताच्या क्षारांनी जिवाणू जागीच वाळतात.

सगळं नीट केलं, तरी एक चूक सगळ्यावर पाणी ओतते. ती म्हणजे कल्चर लावूनही युरिया पूर्ण देणं. भीती साहजिक आहे. पीक पिवळं पडलं तर काय, वर्ष जाईल. पण भरपूर अमोनियम दिसलं की जिवाणू नायट्रोजनेज बनवणंच थांबवतो. त्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. तयार नत्र समोर असताना एवढी साखर जाळून कोण नवं बनवणार? म्हणजे पूर्ण युरियासोबत दिलेलं कल्चर आपण स्वतःच नत्र बांधण्याच्या कामावरून काढलेलं असतं. कल्चरचा उपयोग करून घ्यायचा असेल तर युरिया थोडा कमी केलाच पाहिजे. आणि निम्मा करणं किंवा बंद करणं हीसुद्धा तेवढीच मोठी चूक आहे. मका खादाड पीक आहे. जिवाणू त्याची सगळी भूक भागवत नाही.

पैशांचा हिशेबही सांगतो. एकरी ४८ किलोतलं पाव नत्र वाचलं, म्हणजे १२ किलो. त्याचा युरिया २६ किलो आणि आजच्या दराने किंमत दीडशे रुपयांच्या आसपास. एवढ्याशा पैशासाठी कोण धडपड करणार, असं वाटेल. म्हणूनच केवळ युरिया वाचतो एवढं सांगून कल्चर विकणाऱ्यांनी त्याचं मोल कमी करून ठेवलं आहे. ऐन गरजेच्या वेळी युरियाची टंचाई असते, रांगा लागतात, युरियासोबत नको असलेला माल गळ्यात मारला जातो. अशा वेळी अर्ध्या पोत्याची गरज कमी असणं ही दीडशे रुपयांहून मोठी गोष्ट आहे. वाढलेली मुळं पावसाच्या खंडात पिकाला तारतात, याची किंमत पोत्याच्या दरात मोजता येत नाही. आणि नत्र जास्त झालेला लुसलुशीत मका रस शोषणाऱ्या किडींना आवडतो आणि वाऱ्यात आडवाही होतो.

सूक्ष्मजीव डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसत नाही, हे मला समजतं. बुलढाणा जिल्ह्याने मात्र एकदा त्यांचं काम उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया जातीचे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. एका थेंबातल्या अदृश्य जिवांनी अख्खं सरोवर रंगवलं होतं. मक्याच्या मुळाशी चाललेलं काम तसं रंगून दिसत नाही. ते मोजूनच पाहावं लागतं.

मोजायचं कसं, हे सांगून थांबतो. येत्या पेरणीत एकाच वावरात, एकाच दिवशी पेरलेल्या मक्याचे तीन पट्टे ठेवा. पहिल्या पट्ट्याला नेहमीचं पूर्ण नत्र, कल्चर नाही. दुसऱ्याला पाऊण नत्र आणि कल्चर. तिसऱ्याला पाऊण नत्र, आणि कल्चर मात्र नाही. स्फुरद, पालाश, डवरणी, पाणी, फवारणी सगळ्यांना सारखंच. जागा असेल तर हेच तीन पट्टे रानाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा घ्या, कारण एकाच वावरात वरची माती हलकी आणि खालची भारी असते. काढणीला प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध १० चौरस मीटर जागा मोजा, तेवढीच कणसं वेगळी काढा, दाणे वाळवा आणि तोला.

तिसरा पट्टा बहुतेक जण ठेवतच नाहीत आणि सगळी गफलत तिथेच होते. दुसरा पट्टा पहिल्याच्या बरोबरीचा भरला म्हणजे कल्चर लागू पडलं, असं वाटतं. पण तिसराही तेवढाच भरला असेल, तर कल्चरने काहीच केलेलं नाही. तुमच्या जमिनीत नत्र आधीच पुरेसं होतं आणि तुम्ही इतकी वर्षं पाव युरिया फुकट टाकत होता. हे कळणंही मोठा फायदाच आहे. तिसरा कमी भरला आणि दुसरा टिकून राहिला, तर ते कल्चर तुमच्या मातीत काम करतं, याचा पुरावा तुमच्या काट्यावर आहे. दुसरा आणि तिसरा दोन्ही कमी भरले, तर एक तर पाकीट मेलेलं होतं किंवा तुमच्या जमिनीत कर्ब फार कमी आहे. त्या वर्षी कुटार आणि मक्याची ताटं पेटवू नका, बारीक करून रानातच कुजवा, शेणखत द्या, मूग किंवा तुरीची फेरपालट घ्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीन पट्टे पेरा. माती परीक्षणाचा कागद जवळ असेल तर सेंद्रिय कर्बाचा आकडा त्या तोलाच्या शेजारी लिहून ठेवा, म्हणजे दोन-तीन वर्षांत तुमच्याच वहीतून तुमच्या रानाची शिफारस तयार होईल. गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून असे पट्टे घेतले आणि वजनं एकत्र मांडली, तर कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनाही ती वही पाहायला आवडेल. जागा कमी असेल तर पट्टे लहान ठेवा, पण तिसरा पट्टा गाळू नका.